बोरघाटाचा शिल्पकार

भायखळा स्थानकाच्या दगडी इमारतीचा जीर्णोद्धार झाला आणि २०२२ मध्ये तिला युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत स्थान मिळाले, तेव्हा या स्थानकाच्या वयाची पुन्हा एकदा चर्चा झाली. देशातील पहिल्या प्रवासी रेल्वेमार्गावरचे हे स्थानक. मात्र तो मार्ग ज्यांनी आखला, कंत्राटे वाटून दिली आणि पुढे सह्याद्रीवर रूळ चढवण्याचे काम अंगावर घेतले, त्या जेम्स जॉन बर्कले यांचे नाव त्या चर्चेत फारसे आले नाही. मुंबईकरांना नाना शंकरशेट आठवतात, सर जमशेटजी जीजीभाई आठवतात, आणि ते योग्यच आहे. तथापि भांडवल उभे राहिल्यानंतर चिखलात उभे राहून काम करून घेणारा माणूस कोणीतरी असावाच लागतो.

बर्कले यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ रोजी लंडनजवळच्या हॉलोवे येथे झाला. किंग्ज कॉलेजात शिक्षण झाल्यावर रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली त्यांनी इंग्लंडमधील रेल्वेमार्गांवर उमेदवारी केली. ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे’ या कंपनीचे सल्लागार अभियंताही स्टीफन्सनच होते. १८४९ मध्ये कंपनीला सरकारकडून पाच टक्के व्याजाची हमी मिळाली आणि स्टीफन्सन यांच्या शिफारशीवरून प्रमुख निवासी अभियंता म्हणून बर्कले यांची नेमणूक झाली. १८५० च्या आरंभी ते मुंबईत उतरले तेव्हा त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते.

३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवजवळ पहिली कुदळ पडली. मुंबई-ठाणे हे अंतर २१ मैलांचे, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटर. आज लोकलने जाणाऱ्याला ते किरकोळ वाटेल. त्या वेळी मात्र मार्गात खाजण होते, दलदल होती, भरतीचे पाणी शिरणारी सखल जमीन होती. रूळ, इंजिने, यंत्रसामग्री हे सारे इंग्लंडहून जहाजाने यायचे. पहिले कंत्राट फॅव्हिएल आणि फाउलर या इंग्रज कंत्राटदारांना मिळाले. त्यांच्या कामासाठी आणलेले ‘फॉकलंड’ हे इंजिन फेब्रुवारी १८५२ मध्ये शहराच्या या उत्तर भागात धावू लागले. गव्हर्नरांच्या नावाचे हे इंजिन माती-दगडाच्या वाघिणी ओढत असे. क्लब, शर्यती आणि बंगल्यांचे भायखळा तेव्हापासून यंत्रांच्या धुराचे भायखळा होऊ लागले. कंपनीचा कारखानाही येथेच उभा राहिला आणि पुढे १८७९ मध्ये परळला हलेपर्यंत येथेच राहिला.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून १४ डबे आणि सुमारे ४०० निमंत्रित घेऊन गाडी ठाण्याला निघाली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने तिला जोडली होती. तो सोहळा सर्वांना पाठ आहे. बर्कले यांच्या दृष्टीने मात्र खरी परीक्षा पुढेच होती.

कारण मुंबईच्या रेल्वेला देशावर जायचे तर सह्याद्री ओलांडणे भाग होते. कंपनीच्या आरंभीच्या योजनांत माळशेज घाटाचा विचार होता. बर्कले यांनी प्रत्यक्ष पाहण्या करून तो बाजूला सारला आणि ईशान्येकडे थळघाट, आग्नेयेकडे बोरघाट अशा दोन वाटा धरल्या. त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठा निर्णय हाच म्हणावा लागेल. या दोन आखण्यांवर मुंबई बंदराचा कापूस अवलंबून होता आणि पर्यायाने मुंबईचे भवितव्यही.

बोरघाटाची चढण पावणेसोळा मैलांची. एवढ्या अंतरात १,८३१ फूट उंची गाठायची, तीव्रात तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट. त्यासाठी पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल योजले गेले. डोंगराच्या एका सोंडेवर गाडीला वळण घ्यायला जागाच नव्हती. तेथे बर्कले यांनी उलटे स्थानक योजले: गाडी आत शिरायची, इंजिन एका टोकाकडून काढून दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि दिशा बदलून पुढची चढण चढायची. कागदावर सोपी वाटणारी ही युक्ती त्या काळात धाडसाचीच होती.

१८५६ च्या जानेवारीत घाटाचे काम सुरू झाले. त्याच वर्षी खोपोलीपर्यंत आणि १८५८ मध्ये वरच्या अंगाने खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट प्रवाशांनी पालखीत किंवा तट्टावर ओलांडायचा. खाली रेल्वे, वर रेल्वे आणि मध्ये डोंगर, अशी काही वर्षे गेली. कड्यांवरून दोरांनी लोंबकळत मजूर पहारीने भोके पाडीत, त्यात दारू ठासून खडक उडवीत. बायका-मुले टोपल्यांनी दगडमाती वाहत. पावसाळ्यात बरेचसे काम थांबे. १८६१ च्या सुमारास घाटात एकाच वेळी चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. उघड्यावरच्या त्या वस्त्यांत पटकीची साथ शिरली की माणसे पटापट मरत. मेलेल्यांची संख्या हजारांत होती. त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

व्यवस्थापक म्हणून बर्कले यांचा भर कंत्राटपद्धतीवर होता. कामाचे तुकडे पाडून ते देशी कंत्राटदारांनाही द्यावेत, असे त्यांचे मत होते. जमशेटजी दोराबजी या पारशी कंत्राटदाराने मार्गाचे कितीतरी भाग उत्तम रीतीने पुरे करून ते खरे ठरवले. परंतु हीच पद्धत घाटात उलटली. मुख्य कंत्राटदार, त्याच्या खाली पोटकंत्राटदार, त्याच्या खाली मुकादम, अशा साखळीत मजुराची मजुरी अडकून पडे. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल झाली आणि एक युरोपीय मारला गेला. सरकारला चौकशी करावी लागली. मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने तातडीने निकालात काढावेत यासाठी १८६० मध्ये कायदा आला. काम सोडणाऱ्या मजुराला शिक्षा करण्याची सोयही त्यातच होती, हे विसरता येत नाही.

त्याआधी १८५९ मध्येच फॅव्हिएल यांनी काम सोडले होते. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आले आणि काही आठवड्यांतच वारले. तेव्हा त्यांची पत्नी ॲलिस यांनी कंत्राट आपल्या नावावर चालू ठेवले आणि ॲडम्सन व क्लाउझर या अभियंत्यांकरवी ते तडीस नेले.

बर्कले यांनी दोन्ही घाटांवर मुंबईच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनपुढे निबंध वाचले, तर १८६० मध्ये भारतीय रेल्वेवरचा त्यांचा निबंध लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे आला. मात्र अकरा वर्षांच्या दगदगीने प्रकृती ढासळली होती. १८६१ मध्ये ते इंग्लंडला परतले. २५ ऑगस्ट १८६२ रोजी सिडनहॅम येथे त्यांचे निधन झाले. वय बेचाळीस.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते बोरघाट वाहतुकीस खुला झाला. बर्कले यांना जाऊन तेव्हा आठ महिनेही झाले नव्हते. थळघाट १८६५ च्या आरंभी पुरा झाला. १८६७ च्या पावसाळ्यात बोरघाटातील एक मोठा पूल कोसळला आणि त्याचे दगडकाम कच्चे असल्याचे चौकशीत निघाले. हे काम त्यांच्याच काळात सुरू झालेले. देखरेख कमी पडल्याचा दोष त्यांच्यापर्यंतही पोहोचतो. त्यांची आखणी मात्र टिकली. सिंहगड किंवा डेक्कन एक्स्प्रेस कर्जत सोडून घाट चढू लागते, तेव्हा खिडकीतून दिसणारी ती डोंगराची सोंड आणि दरी बर्कले यांनी १८५० च्या दशकात पायी हिंडून मोजलेली आहे.