होमी भाभा: अणूवाल्या माणसाची कम्प्युटरची गोष्ट

जालन्यात बीसीए, बीएस्सी कम्प्युटर किंवा डिप्लोमा करणाऱ्या अनेक मुलामुलींना तिसऱ्या वर्षाच्या आसपास सर्व्हर व्हर्च्युअलायझेशन आणि क्लाउड कम्प्युटिंग हा विषय येतो. पुस्तकात पहिल्याच पानावर व्याख्या: कम्प्युटरची ताकद विकत न घेता, लागेल तेव्हा, लागेल तेवढी, दुसऱ्याच्या मशीनवरून वापरणं. पाठ करायला सोपं आहे. पण असं का करावं लागतं, हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात कुणाला सगळ्यात आधी पडला असेल? माझ्या मते होमी भाभांना. त्यांच्या काळात क्लाउड हा शब्द या अर्थाने नव्हताच, आणि त्यांचं नाव आपण अणुबॉम्ब आणि अणुभट्टीपलीकडे घेतही नाही. म्हणून ही गोष्ट.

होमी जहांगीर भाभा ३० ऑक्टोबर १९०९ ला मुंबईत एका सुखवस्तू पारशी घरात जन्मले. वडील वकील. आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी, म्हणजे टाटांचं घर नात्यातलंच. घरात पुस्तकं आणि पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्ड भरपूर. चित्रकलेचं वेड त्यांना आयुष्यभर होतं. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले ते मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला. घरच्यांचा विचार सरळ होता: पोरगा इंजिनिअर होऊन येईल आणि जमशेदपूरच्या कारखान्यात लागेल. मुलाला मात्र फिजिक्स हवं होतं. इंजिनिअरिंगला घालून ठेवलेल्या आणि मन दुसरीकडे असलेल्या आपल्याकडच्या पोरांना हे वेगळं सांगायला नको! वडिलांनी अट घातली, आधी इंजिनिअरिंग पहिल्या वर्गात पूर्ण कर, मग पुढचं बघू. १९३० मध्ये त्याने ते केलं आणि वडिलांनीही शब्द पाळला.

फिजिक्समध्ये त्यांनी मोठं काम केलं. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचं गणित आजही भाभा स्कॅटरिंग म्हणून ओळखलं जातं. १९३९ मध्ये ते सुट्टीला भारतात आले, तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि परत जाणं अडलं. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, सी. व्ही. रामन यांच्या विभागात, ते शिकवायला लागले. इथेच राहायचं हे त्यांनी हळूहळू ठरवलं. मार्च १९४४ मध्ये त्यांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था मागितली. मुद्दा असा की काही वर्षांनी अणुऊर्जा वापरायची वेळ येईल तेव्हा तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, ते इथेच तयार असावेत. १ जून १९४५ ला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे टीआयएफआर, सुरू झाली. आधी बंगळुरूला आणि त्याच वर्षी मुंबईत, पेडर रोडवरच्या एका बंगल्यात. पुढे गेटवेजवळचा जुना यॉट क्लब, आणि शेवटी कुलाब्याला समुद्रकाठची आजची इमारत. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, त्याचे अध्यक्षही भाभाच. ४ ऑगस्ट १९५६ ला ट्रॉम्बेला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. हा भाग शाळेच्या पुस्तकात आहे, म्हणून पटकन उरकतो.

आता कम्प्युटर. अणू, वैश्विक किरण, हे सगळं शेवटी आकडेमोडीवर येतं. हाताने फिरवायच्या कॅल्क्युलेटरवर किती करणार? कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने १९५५ मध्ये ब्रिटनहून एचईसी-२एम हा कम्प्युटर आणला होता. भाभांच्या संस्थेने दुसरी वाट धरली: स्वतः बांधायचा. रंगस्वामी नरसिंहन १९५४ मध्ये टीआयएफआरमध्ये आले आणि त्यांच्याभोवती तरुण पोरांची टीम जमली. त्यातल्या बहुतेकांनी कम्प्युटर बांधणं सोडाच, वापरलेलाही नव्हता. १९५६ च्या अखेरीस छोटं पायलट मशीन चाललं. पूर्ण मशीन १९६० मध्ये सुरू झालं आणि १९६२ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं टिफ्रॅक.

टिफ्रॅकमध्ये सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. मेमरी २,०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० बिटचा. हिशोब करा: १० केबी. तुमच्या फोनमधला एक साधा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. पण स्क्रीनवर आकृती दाखवायची सोय होती, हे त्या काळात भारीच होतं.

आणि इथेच खरी अडचण आली. मशीन उभं राहीपर्यंत जग पुढे गेलं होतं. व्हॅक्यूम ट्यूबची जागा ट्रान्झिस्टर घेत होते. टिफ्रॅकवर काम करायला रांग लागत होती आणि त्याची ताकद अपुरी पडत होती. आता काय करायचं? आपणच बांधलेलं मशीन धरून बसायचं, पुन्हा सात-आठ वर्षं घालून नवं बांधायचं, की बाहेरून मोठं मशीन आणायचं? स्वावलंबनासाठी आग्रही असलेल्या माणसासाठी हा सोपा निर्णय नव्हता. १९६४ मध्ये टीआयएफआरमध्ये अमेरिकन बनावटीचा सीडीसी ३६०० बसला, सोबत जोडीला छोटा सीडीसी १६०ए.

टिफ्रॅक वाया गेला असं काही लोक म्हणतात. मला ते पटत नाही. मशीन जुनं झालं, पण कम्प्युटर आतून माहीत असलेली माणसं तयार झाली, आणि नवं मशीन आल्या दिवसापासून ते हाताळणारं कुणीतरी घरात होतं. कॉलेजच्या लॅबमध्ये स्वतः हायपरवायझर बसवून, दहा वेळा क्रॅश करून मग क्लाउडवर गेलेला मुलगा आणि थेट क्लाउडच्या बटणावर क्लिक करायला शिकलेला मुलगा, यांच्यातला फरक मी कामावर रोज बघतो.

सीडीसी ३६०० ची मोठी गोष्ट म्हणजे तो फक्त टीआयएफआरचा राहिला नाही. तो देशभरातल्या विद्यापीठांना आणि संशोधन संस्थांना वापरायला खुला केला गेला, एक प्रकारचं राष्ट्रीय गणनकेंद्रच. प्रोग्राम फोरट्रानमध्ये लिहायचा, कार्डांवर भोकं पाडून घ्यायची आणि गठ्ठा रांगेत लावायचा. एका कार्डावर चूक असेल तर पुन्हा रांग. मराठवाडा विद्यापीठ तेव्हा जेमतेम सहा वर्षांचं होतं. जालना वेगळा जिल्हाही नव्हता, तो १९८१ मध्ये झाला. इथून मुंबईला जायचं तर मीटरगेजच्या गाडीने मनमाड आणि तिथे गाडी बदलायची. आज जालन्यातला विद्यार्थी फोनच्या ब्राउझरवरून मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये दोन मिनिटांत एक व्हर्च्युअल मशीन उघडतो.

मग तो क्लाउड होता का? नाही, आणि परीक्षेत असं लिहू नका. गावात एकाकडे मळणी यंत्र असतं आणि सगळे नंबर लावतात. तुमचा नंबर आला की पूर्ण यंत्र तुमचं, संपलं की पुढच्याचं. सीडीसी ३६०० असाच होता, याला बॅच प्रोसेसिंग म्हणतात. व्हर्च्युअलायझेशन म्हणजे मोठा वाडा आणि त्यात भाडेकरूंच्या खोल्या. वाडा एकच, पण प्रत्येक खोलीला वेगळं कुलूप आणि वेगळं मीटर. प्रत्येक जण एकाच वेळी राहतो, शेजारच्याने काय शिजवलंय हे दुसऱ्याला दिसत नाही. हायपरवायझर हा त्या वाड्याचा मालक: कुणाला किती प्रोसेसर, किती मेमरी, हे तो ठरवतो. समान धागा एवढाच की महागडं मशीन एकाने सांभाळायचं आणि अनेकांनी वापरायचं. पण त्या एका धाग्यावरच पुढचं सगळं उभं आहे.

खोल्या पाडायची कल्पना त्याच वर्षी आकार घेत होती. १९६४ मध्येच आयबीएमच्या केंब्रिज केंद्रात सीपी-४० वर काम सुरू झालं. एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारी ही सुरुवातीची सिस्टीम. हे केंब्रिज अमेरिकेतलं, भाभांचं इंग्लंडमधलं, गोंधळ नको.

दरम्यान १९६३ मध्ये सरकारने इलेक्ट्रॉनिक्सचा विचार करायला समिती नेमली होती, तिचे अध्यक्ष भाभा. देशाला कोणते भाग, कोणते कम्प्युटर किती लागतील आणि ते इथे कसे बनतील, हा तिचा विषय. अहवाल १९६६ मध्ये आला, पण तो राबवायला भाभा नव्हते. २४ जानेवारी १९६६ ला एअर इंडियाचं बोइंग ७०७ युरोपातल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. विमानातले ११७ जण गेले, त्यात भाभाही. ते व्हिएन्नाच्या बैठकीला निघाले होते. वय ५६. यूट्यूबवर यावर कटाच्या कितीतरी गोष्टी फिरतात. चौकशीत मात्र वैमानिकाचा डोंगराच्या तुलनेत आपल्या जागेचा अंदाज चुकल्याचं समोर आलं.

१९६७ मध्ये हैदराबादला ईसीआयएल ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि १९६९ मध्ये ट्रॉम्बेच्या लोकांनी तयार केलेला टीडीसी-१२ हा कम्प्युटर पुढे तिथे बनू लागला. ट्रॉम्बेच्या अणुसंस्थेला जानेवारी १९६७ मध्ये भाभांचं नाव देण्यात आलं. त्याच महिन्यात तिकडे सीपी-४० रोजच्या वापरात आली.