थांबणंही धाडसच असतं!

धाडसी बाई म्हटलं की आपल्यासमोर येते ती बेधडक पुढे जाणारी बाई. ॲमी जॉन्सनचं आयुष्य वाचताना मला मात्र ती जिथे थांबली तो प्रसंग जास्त भावला. आणि जिथे ती थांबली नाही, तिथे जीव हळहळला.

ॲमीचा जन्म १९०३ सालचा, इंग्लंडमधल्या हल या बंदराच्या गावातला. वडिलांचा मासळीचा व्यापार. मुलगी शिकली, पदवीधर झाली आणि लंडनमध्ये एका वकिलाकडे सेक्रेटरी म्हणून लागली. तिथे तिला विमानाचं वेड लागलं. नोकरी सांभाळून ती विमान चालवायला शिकली. नुसतं चालवायला नाही, हातात पाना घेऊन इंजिन दुरुस्त करायलाही शिकली. १९२९ मध्ये तिने वैमानिकाचा परवाना तर मिळवलाच, शिवाय विमान दुरुस्तीचाही मिळवला. हा दुसरा परवाना मिळवणारी ती ब्रिटनमधली पहिली बाई.

५ मे १९३० रोजी ती एकटीच लंडनजवळच्या क्रॉयडनहून ऑस्ट्रेलियाला निघाली. विमान होतं जिप्सी मॉथ. लाकूड आणि कापडाचं, डोक्यावर छप्पर नसलेलं, ना रेडिओ ना काही. त्याआधी ती लंडनहून माहेरच्या हलपेक्षा लांब कधी उडालीच नव्हती!

बगदादच्या वाटेवर धुळीच्या वादळाने तिला गाठलं. पुढचं काही दिसेना, विमान हजारो फूट खाली फेकलं गेलं. तिने काय केलं? सरळ वाळवंटात विमान उतरवलं. चाकांना सामानाची अटकाव लावली, इंजिन झाकलं आणि वादळ सरेपर्यंत बसून राहिली. विक्रमाची घाई असताना! मला तिचं खरं धाडस इथे दिसतं.

कराचीला पोचली तेव्हा ती जुन्या विक्रमापेक्षा दोन दिवस पुढे होती. पुढे आपल्या झाशीत पेट्रोल संपत आल्यामुळे तिला लष्कराच्या परेड ग्राउंडवर उतरावं लागलं, त्यात पंख मोडला. रंगूनजवळ इनसीनला धो धो पाऊस. तिथे ती एका मैदानात उतरली आणि विमान खड्ड्यात गेलं. दुरुस्तीत दिवस गेले, विक्रम हुकला. पण २४ मे रोजी ती डार्विनला सुखरूप उतरली. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने विमान नेणारी ती पहिली स्त्री ठरली.

नंतर नाव झालं, लग्न झालं, घटस्फोटही झाला. महायुद्ध पेटलं आणि १९४० मध्ये ती विमानं एका तळावरून दुसऱ्या तळावर पोचवण्याच्या कामाला लागली. या वैमानिकांकडे रेडिओ नसे, ढगात नुसत्या यंत्रांच्या भरवशावर उडण्याचं शिक्षणही नसे. जमीन नजरेआड होऊ द्यायची नाही, हा नियम. त्याला कारणही तसंच. ढगात क्षितिज दिसेनासं झालं की शरीराचा तोल फसवतो. विमान कलतं आहे की सरळ चाललं आहे, हेच कळत नाही. थंडीत पंखांवर बर्फ धरतो तो वेगळाच.

५ जानेवारी १९४१. हवा खराब, ढग खाली उतरलेले. ॲमी ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या तळाकडे निघाली. प्रवास जेमतेम तासाभराचा. पण काही तासांनी तिचं विमान वाटेपासून दूर, थेम्सच्या मुखाशी समुद्रात कोसळलं. पॅराशूटने ती पाण्यात उतरली. तिला वाचवायला हॅसलमीअर बोटीचा अधिकारी वॉल्टर फ्लेचर याने त्या गोठवणाऱ्या पाण्यात उडी घेतली. ॲमी हाती लागली नाही, तिचा देहही कधी मिळाला नाही. फ्लेचरलाही प्राण गमवावे लागले.

शेवटच्या क्षणी नेमकं काय घडलं, यावर आजही वाद आहेत. तिला दोष द्यायला माझं मन धजत नाही. युद्धाचे दिवस होते, काम अडलेलं होतं. पण त्या दिवशी निघायचं की थांबायचं, हे ठरवणं वैमानिकाच्या हातात होतं. आणि त्या निर्णयाची किंमत तिच्या एकटीपुरती राहिली नाही, हेही खरं.

वाळवंटात विमानाशेजारी वादळ सरायची वाट बघत बसलेली २६ वर्षांची ॲमी मला म्हणूनच सारखी आठवते. तेव्हा तिला उशीर झाला होता. पण ती पोचली होती.