ग्रियर्सन यांची मोजणी आणि हिंगोलीची बोली

सेनगावहून रिसोडला निघालं की वाटेत हिंगोली जिल्हा संपतो आणि वाशीम सुरू होतो. बोलण्यात मात्र एकदम काही बदलत नाही. तरीही शंभर वर्षांपूर्वी भारतीय भाषांची सर्वांत मोठी मोजणी झाली, तेव्हा ही सीमा निर्णायक ठरली. ती मोजणी करणारे होते जॉर्ज अब्राहम ग्रियर्सन.

७ जानेवारी १८५१ रोजी डब्लिनजवळ त्यांचा जन्म झाला. ट्रिनिटी कॉलेजात ते गणिताचे विद्यार्थी होते. तिथंच त्यांना संस्कृतची गोडी लागली. १८७३ मध्ये सनदी अधिकारी म्हणून ते भारतात आले आणि पुढची अनेक वर्षं बिहारमध्ये राहिले. न्यायनिवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याला शेतकऱ्याचं बोलणं कळलंच पाहिजे, हे तिथं त्यांच्या ध्यानात आलं. नांगर, बैलगाडी, चूल यांच्या एकेका भागाची नावं त्यांनी गोळा केली. त्यातून १८८५ मध्ये बिहारच्या ग्रामजीवनावरचा ग्रंथ तयार झाला.

१८८६ मध्ये व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेनं भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा आग्रह धरला. १८९८ मध्ये ते काम ग्रियर्सन यांच्याकडे आलं. पद्धत साधी होती. बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचं स्थानिक बोलीत भाषांतर, तिथलाच एखादा मजकूर आणि ठरावीक शब्द-वाक्यांची यादी, असे तीन नमुने जिल्ह्याजिल्ह्यांतून मागवले गेले. निवृत्तीनंतर ते इंग्लंडमधल्या कॅम्बर्ली इथल्या घरी बसून नमुने तपासत राहिले. मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. त्याच्या सिद्धतेत नॉर्वेचे अभ्यासक स्टेन कोनो यांचा मोठा वाटा होता. १९२८ पर्यंत अकरा खंड पूर्ण झाले.

वृत्तपत्रांत आजही या कामाची आठवण एका आकड्यानं निघते : १७९ भाषा आणि ५४४ बोली. हा आकडा साऱ्या देशाचा म्हणून छापला जातो. पण मद्रास इलाखा, ब्रह्मदेश, म्हैसूर आणि निजामाचं हैदराबाद संस्थान सर्वेक्षणाच्या कक्षेत नव्हतं. वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली असल्यानं तिथले नमुने आले आणि डोळ्याला ‘डोया’ म्हणणारी वऱ्हाडी खंडात गेली. हिंगोली निजामाच्या परभणी जिल्ह्यात होती. इथल्या माणसांकडून नमुना मागवलाच गेला नाही. पलटण, रिसाला, तोफखाना अशी छावणीची नावं अंगावर बाळगणाऱ्या या गावाचं तेव्हाचं बोलणं त्या कागदांवर उतरलं नाही.

कागदाचीही मर्यादा होतीच. ‘जग’ हा शब्द घ्या. दुनिया या अर्थी त्यातला ‘ज’ एक, आणि ‘सुखानं जग’ म्हणताना दुसरा. पहिल्याला जीभ टाळूला लागते, दुसऱ्याला दातांच्या मुळाशी. लिपीत दोन्ही सारखेच दिसतात. सूर आणि हेल तर अक्षरांत मावतच नाहीत. ग्रियर्सन यांना हे उमगलं होतं. म्हणूनच पुढं अनेक भाषांतले आवाज ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेण्यात आले.

१९२८ मध्ये त्यांना ब्रिटनचा ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ मिळाला. ९ मार्च १९४१ रोजी कॅम्बर्लीत त्यांचं निधन झालं.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्यानं अलीकडे मराठीच्या बोलींचं नवं सर्वेक्षण हाती घेतलं. यात माणसं आपल्याच तोंडून बोलतात आणि त्यांचा आवाज साठवला जातो. घरातल्या आजीचं बोलणं मात्र कोणत्याही सर्वेक्षणाची वाट पाहत थांबणार नाही. मोबाइल हाताशी आहे. तिला पेरणीची, जात्याची, लग्नाची गोष्ट सांगायला लावा. गाव आणि तारीख नोंदवून ठेवा. ग्रियर्सन यांच्या खंडांत राहिलेली जागा थोडी तरी भरून निघेल.