डोंगरातले पाळक

फ्रान्स देशाच्या पूर्व भागात व्होज नावाची पर्वतरांग आहे. स्ट्रासबुर्ग शहरापासून सुमारे ५० किलोमीटर अंतरावर, या पर्वताच्या कुशीत, बां द ला रोश नावाचा एक छोटासा डोंगराळ मुलूख आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास या मुलखाची स्थिती फार शोचनीय होती. जमीन खडकाळ, हिवाळा दीर्घ आणि बर्फ अपार. शेतात बटाट्याखेरीज फारसे काही पिकत नसे, आणि तो बटाटाही जुन्या बियाण्यामुळे वर्षानुवर्षे खुरटत चालला होता. धान्य संपले की लोक रानातली आंबट सफरचंदे खाऊन दिवस काढीत. बाहेरच्या जगाकडे जाण्यास धड रस्ता नव्हता. ब्रुश नावाची नदी ओलांडायची तर पात्रातील दगडांवरून उड्या मारीत जावे लागे. पूर आला की तीही वाट बंद होई.

येथील पाच खेड्यांची मिळून एक प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मंडळी होती. मंडळीच्या धर्मगुरूला पाळक म्हणतात. मेंढपाळ जसा कळपातील प्रत्येक मेंढराची काळजी वाहतो, तशी त्याने माणसांची वाहावी, असा या शब्दाचा भाव आहे. परंतु अशा दरिद्री ठिकाणी येऊन राहण्यास फारसे कोणी राजी नसे. १७५० साली श्टुबर नावाचे एक कळकळीचे पाळक तेथे आले. त्यांनी शाळेची चौकशी केली, तेव्हा लोकांनी त्यांना एका झोपडीत नेऊन खाटेवर पडलेला एक जराजर्जर म्हातारा दाखविला. हेच गावचे गुरुजी! ते मुलांना काय शिकवितात असे विचारता म्हाताऱ्याने निर्मळपणे सांगितले की, आपण काहीच शिकवीत नाही, कारण आपल्यालाच काही येत नाही. पूर्वी तो गावची डुकरे राखीत असे. वय झाल्यामुळे ते काम झेपेना, म्हणून गावाने त्याला मुले राखण्यास बसविले होते. श्टुबर यांनी या अंधारात शिक्षणाची पहिली ज्योत लावली. पुढे त्यांना स्ट्रासबुर्गला जाणे प्राप्त झाले, तेव्हा आपल्यामागे या लोकांना कोण सांभाळील, ही चिंता घेऊन ते योग्य माणसाच्या शोधास लागले.

तो माणूस त्यांना एका माडीवरच्या लहानशा खोलीत सापडला. त्याचे नाव जाँ फ्रेदेरिक ओबर्लिन.

ओबर्लिन यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७४० रोजी स्ट्रासबुर्ग येथे झाला. वडील शिक्षक होते. घरात मुले पुष्कळ आणि मिळकत बेताची होती. तरीही वडील मुलांना खाऊसाठी दर आठवड्यास थोडे पैसे देत. लहानगा फ्रेदेरिक ते एका डबीत साठवी. एकदा बाजारातून जाताना काही उनाड पोरांनी एका खेडवळ बाईच्या डोक्यावरील अंड्यांची टोपली पाडली. बाई रडू लागली. फ्रेदेरिक धावत घरी गेला आणि डबीतले सारे पैसे आणून त्याने तिच्या हाती ठेवले. दुसऱ्याची हानी पाहिली की ती भरून काढण्याचे काम आपलेच, असे त्या मुलाला वाटे. ही खोड त्यांची जन्मभर गेली नाही.

श्टुबर भेटीस आले तेव्हा ओबर्लिन दातदुखीने अंथरुणावर पडले होते. खाटेला कापडाऐवजी कागदाचे पडदे होते आणि दिव्याच्या ज्योतीवर एक लोखंडी भांडे टांगलेले होते. भांड्यात काय आहे, असे पाहुण्यांनी विचारले. ओबर्लिन यांनी सांगितले की, ते रात्रीचे जेवण आहे. दुपारी आईवडिलांकडे जेवताना भाकरीचा एक तुकडा ते बरोबर आणीत, पाणी व मीठ घालून तो भांड्यात टाकीत आणि अभ्यास करीत बसत. रात्री उशिरापर्यंत दिव्याच्या उष्णतेने त्याची पेज तयार होई. हे ऐकून श्टुबर यांचा शोध संपला. तथापि ओबर्लिन यांनी एका पलटणीत धर्मोपदेशक होण्याचे आधीच कबूल केले होते. दुसरा माणूस मिळून त्या शब्दातून मोकळीक होईपर्यंत त्यांनी होकार दिला नाही. १७६७ साली ते वाल्डर्सबाख या गावी पाळक म्हणून आले. तेव्हा ते अवघे २६ वर्षांचे होते.

नव्या पाळकाचे स्वागत सर्वांनीच केले असे मात्र नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयी सोडण्यास सांगणारा हा शहरी तरुण काहींच्या डोळ्यांत सलू लागला. त्याला वाटेत गाठून चोप द्यावा, असा काही जणांनी बेत केला. ही गोष्ट ओबर्लिन यांच्या कानी आली. त्या रविवारी उपासनेत त्यांनी उपदेशासाठी विषय निवडला तो छळ व अपमान सहन करण्याविषयी प्रभू येशूने दिलेल्या शिकवणीचा. उपासना संपल्यावर कट करणारे एका घरी जमले. हा पाळक आपल्या उपदेशाप्रमाणे वागतो की नाही, याची चर्चा चालली असेल, तोच दार उघडून ओबर्लिन स्वतः आत आले. त्यांनी शांतपणे सांगितले की, तुमचा बेत मला कळला आहे. माझ्या हातून काही अपराध घडला असेल तर मला शिक्षा करा. अंधारात दबा धरून बसण्याचे पाप तुमच्या माथी येऊ नये, म्हणून मीच तुमच्या स्वाधीन झालो आहे. जमलेल्यांच्या माना खाली गेल्या. त्यांनी क्षमा मागितली, आणि पुढे त्यांच्यातीलच काही जण ओबर्लिन यांचे खंदे साहाय्यक झाले.

आता ओबर्लिन यांनी रस्त्याचे काम हाती घेतले. पिकलेला माल बाजारास नेता येत नाही, आणि शेतीची अवजारे विकत आणता येत नाहीत, तोवर या लोकांचे दारिद्र्य हटणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. गावकऱ्यांना बोलावून त्यांनी आपला विचार मांडला. खडक फोडायचे, नदीकाठाला भिंत बांधायची, रस्ता तयार करायचा आणि ब्रुश नदीवर पूल घालायचा. लोक थक्क झाले. हे काम आपल्या शक्तीबाहेरचे आहे, असे म्हणून प्रत्येकाने काही ना काही सबब सांगितली. तेव्हा ओबर्लिन यांनी कुदळ खांद्यावर टाकली, एक गडी बरोबर घेतला आणि ते थेट कामाच्या जागी गेले. जेथे काटे अधिक आणि दरड अवघड, ती जागा त्यांनी स्वतःसाठी निवडली.

पाळक उन्हात दगड फोडीत आहेत आणि आपण घरी बसलो आहोत, ही गोष्ट गावकऱ्यांना फार वेळ सहन झाली नाही. एकामागून एक माणसे कुदळी घेऊन आली. अवजारे कमी पडली तेव्हा ती ओबर्लिन यांनी स्ट्रासबुर्गहून मागविली, आणि तेथील स्नेह्यांकडून पैशाचे साहाय्यही मिळविले. रविवारी ते व्यासपीठावर उभे राहून उपदेश करीत आणि सोमवारी त्याच लोकांच्या पुढे कुदळ घेऊन चालत. अखेर रस्ता झाला आणि नदीवर पूलही उभा राहिला. त्या पुलाला दयेचा पूल असे नाव पडले.

शेतीच्या बाबतीत मात्र लोक ऐकेनात. शहरात वाढलेल्या माणसाला मातीतले काय कळते, असे ते म्हणत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असेही नाही. ओबर्लिन यांनी वाद घातला नाही. पाळकाच्या घरालगत दोन बागा होत्या आणि त्यांमधून गावकऱ्यांची रोजची पायवाट जात असे. त्या नापीक जमिनीत त्यांनी खोल चर खणले, खत घातले आणि सफरचंद, नासपती, चेरी यांची रोपे लाविली. काही वर्षांनी झाडे फळांनी लवली. जाणारे-येणारे थांबून पाहू लागले, आणि मग ही झाडे येथे कशी वाढली, असे विचारीत पाळकाच्या दारी येऊ लागले. ओबर्लिन हसतमुखाने त्यांना कलम करणे शिकवीत. त्यांनी बाहेरून बटाट्याचे नवे बियाणे आणविले, अवजारांचे दुकान काढले, गरजूंना कर्ज देण्यासाठी निधी उभारला आणि हुशार मुलांना सुतार, गवंडी, लोहार यांची कामे शिकण्यास स्ट्रासबुर्गला धाडले.

मोठी माणसे शेतात गेली की लहान मुले उनाड भटकत. बेलमाँ गावच्या सारा बांझे नावाच्या तरुणीने अशी मुले जमवून त्यांना विणकाम शिकविण्यास आरंभ केला होता. ओबर्लिन यांनी तिच्या कामाचे मोल जाणले. लवकरच खेड्याखेड्यांतून असे वर्ग सुरू झाले. मुले विणता विणता गाणी म्हणत, चित्रांवरून झाडे व प्राणी ओळखीत आणि पवित्र शास्त्रातील कथा ऐकत. युरोपातील अगदी पहिल्या बालशाळांत या शाळांची गणना होते.

१७६८ साली ओबर्लिन यांचा विवाह मादलेन सालोमे विटर यांच्याशी झाला होता. पतीच्या प्रत्येक कार्यात त्या अर्धा भार उचलीत. परंतु लहान लहान मुले मागे ठेवून त्या अकाली वारल्या. या दुःखाच्या वेळी लुईझ शेपलर नावाची शेतकऱ्याची मुलगी पुढे आली. ती त्यांच्या घरी कामास होती आणि बालशाळेत शिकवीतही असे. तिने पगार घेणे सोडले, मला घरची मुलगी समजा एवढेच मागितले आणि सारे आयुष्य त्या घराला व गावच्या मुलांना वाहिले. पुढे १८२९ साली फ्रान्सच्या अकादमीने तिचा मोठे पारितोषिक देऊन गौरव केला.

इतकी कामे करणाऱ्या माणसाला देवाचे नाव घेण्यास सवड कोठून मिळत असेल, असे कोणास वाटेल. ओबर्लिन यांच्या मनात मात्र असा भेद नव्हता. आपल्या लोकांपैकी ज्यांच्यासाठी प्रार्थना करावयाची, त्यांची नावे ते खोलीच्या दारावर खडूने लिहून ठेवीत आणि एकेकाचे नाव घेऊन प्रार्थना करीत. आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून ते तीन दशांश बाजूला काढीत. एक देवाच्या उपासनेच्या कामासाठी, दुसरा रस्ते व शाळांसाठी आणि तिसरा गरिबांसाठी. साखर व कॉफी हे पदार्थ दूरच्या बेटांत गुलामांच्या श्रमांतून पिकतात हे समजल्यावर त्यांनी ते वर्ज्य केले.

तरीही प्रत्येक दुःखाला त्यांच्यापाशी उपाय होता असे नाही. १७७८ च्या जानेवारीत लेन्झ नावाचा एक तरुण जर्मन कवी त्यांच्या घरी आला. त्याच्या मनाचा तोल गेला होता. ओबर्लिन यांनी त्याला मुलासारखे सांभाळले, रात्री-अपरात्री उठून त्याची समजूत घातली. पण तो वारंवार जीव देऊ पाही. अखेर त्याच्या रक्षणासाठी त्याला माणसांबरोबर स्ट्रासबुर्गला पाठविणे भाग पडले. त्या दिवसांची हकीकत ओबर्लिन यांनी लिहून ठेवली आहे, आणि तीवरूनच पुढे ब्यूशनर या लेखकाने आपली प्रसिद्ध कथा लिहिली.

१७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. तिच्या अत्यंत उग्र काळात धर्मोपासनेवर बंदी आली आणि पुष्कळ धर्मगुरू तुरुंगात गेले. १७९३ साली ओबर्लिन यांचा थोरला मुलगा युद्धात कामी आला. १७९४ च्या जुलैमध्ये स्वतः ओबर्लिन यांनाही अटक झाली. परंतु त्याच सुमारास सत्ताधारी रोबेस्पिअर याचा पाडाव झाला, आणि थोड्याच दिवसांत त्यांची सुटका झाली. घरी येऊन ते पुन्हा कामास लागले.

क्रांतीच्या सरकारने कागदी चलन काढले होते. त्याची किंमत घसरत घसरत शून्यावर आली आणि गोरगरिबांच्या पेटीत रद्दी तेवढी उरली. ओबर्लिन यांना ही गोष्ट फार लागली. राष्ट्राने आपल्या नावाने वचन दिले आहे, राष्ट्र म्हणजे आपण सर्व, तेव्हा ते वचन आपण पाळले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी आपल्या मुलखापुरते ते कागद परत घेऊन लोकांची भरपाई करण्याचे ठरविले, आणि काटकसर करून वर्षांमागून वर्षे हा क्रम चालविला. हे ऋण त्यांचे नव्हते. ते मागण्यास कोणी सावकारही दारी आला नव्हता.

या मुलखातील गावकरी आणि जमीनदार यांच्यात जंगलाच्या हक्कावरून कित्येक दशके दावा चालला होता. त्यात गरिबांचा पैसा पाण्यासारखा गेला. ओबर्लिन यांनी आपल्या लोकांना तडजोडीस तयार केले आणि १८१३ साली तो दावा मिटला. ज्या लेखणीने करारावर सह्या झाल्या, ती त्या प्रांताच्या अधिकाऱ्याच्या इच्छेवरून ओबर्लिन यांना देण्यात आली. त्यांनी ती आपल्या अभ्यासिकेत टांगून ठेवली. पुढे १८१८ साली पॅरिसच्या शेतकी संस्थेने त्यांना सुवर्णपदक दिले आणि १८१९ साली राजाने लेजन ऑफ ऑनर ही पदवी अर्पण केली. मध्यंतरी १८१६-१७ च्या दुष्काळात सत्तरी उलटलेले ओबर्लिन गावोगावच्या उपाशी माणसांच्या अन्नाची चिंता वाहत होते. अमेरिकेत ओहायो राज्यात १८३३ साली एक विद्यालय निघाले, त्याला त्यांचे नाव देण्यात आले.

१ जून १८२६ रोजी, ५९ वर्षांच्या सेवेनंतर, ओबर्लिन यांनी वाल्डर्सबाख येथे देह ठेवला. वय ८५ होते. फूदे गावच्या दफनभूमीकडे अंत्ययात्रा निघाली, तेव्हा माणसांची रांग दूरवर पसरली होती. आसपासचे कॅथॉलिक लोकही आले होते. ते दुसऱ्या पंथाचे. तरी त्यांच्या स्त्रियांनी शोकवस्त्रे परिधान केली होती आणि कबरीभोवती गुडघे टेकून त्या मूक प्रार्थना करीत होत्या. ओबर्लिन यांच्या कबरीवर एक साधा क्रूस उभारण्यात आला. त्यावर पदवी नाही, पदकाचा उल्लेखही नाही. हयातीत लोक त्यांना ज्या नावाने हाक मारीत, तेच नाव त्यावर आहे : बाबा ओबर्लिन.