गुप्त रेडिओच्या उषाताई मेहता



आपल्या भित्तिपत्रकावर टिळक, सावित्रीबाई, गाडगेबाबा, स्वामी रामानंद तीर्थ अशा पुष्कळ थोरांची चरित्रे लागून गेली. आज मी ज्यांची माहिती सांगणार आहे त्यांच्या हातात तलवार नव्हती की बंदूक नव्हती. त्यांच्याजवळ होती रेडिओची एक पेटी, थोडी तार आणि भाड्याची एखादी खोली. ती खोलीसुद्धा कायमची नाही. आज इथं तर चार दिवसांनी तिथं. एवढ्या सामानावर त्यांनी १९४२ साली इंग्रज सरकारला अडीच महिने झुलवत ठेवलं. त्यांचं नाव उषा मेहता.

उषाताईंचा जन्म २५ मार्च १९२० रोजी गुजरातेत सुरतेजवळच्या सरस या लहानशा गावी झाला. पाच वर्षांच्या असताना त्यांनी गांधीजींना पहिल्यांदा पाहिलं. पुढे गांधीजींचं शिबिर त्यांच्या गावाजवळ भरलं. तिथं जाऊन ही चिमुरडी पोर सूत कातायला शिकली. १९२८ साली सायमन कमिशनविरुद्ध मिरवणुका निघाल्या. उषाताई तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. म्हणजे आपल्या तिसरीतल्या लेकरांएवढ्या! त्याही मिरवणुकीत घोषणा देत चालल्या.

त्या वेळची एक गोष्ट मला फार आवडते. मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. झेंडा धरणारी मुलगी झेंड्यासकट खाली पडली. मुलांना त्याचा फार राग आला. ती रडत घरी गेली नाहीत, त्यांनी मोठ्यांपुढे गाऱ्हाणं मांडलं. मग मोठ्यांनी युक्ती काढली. झेंड्याच्या तीन रंगांचे कपडे शिवून मुलांना घातले आणि मुलं रांगेनं रस्त्यावर उतरली. आता पोलिस हातातला झेंडा हिसकावतील, पण मुलंच झेंडा झाली तर काय करतील?

उषाताईंचे वडील इंग्रज सरकारचे न्यायाधीश होते. सरकारचं मीठ खायचं आणि पोरीनं सरकारविरुद्ध ओरडत फिरायचं, हे त्यांना अवघड वाटायचं. पण १९३० साली ते नोकरीतून निवृत्त झाले. १९३२ साली सगळं कुटुंब मुंबईला राहायला आलं. बारा वर्षांच्या उषाताई गुपचूप पत्रकं वाटू लागल्या, तुरुंगातल्या लोकांचे निरोप नेऊ लागल्या. म्हणून अभ्यास सोडला असं मात्र नाही. १९३५ साली त्या मॅट्रिक झाल्या. विल्सन कॉलेजातून १९३९ साली तत्त्वज्ञान विषय घेऊन पहिल्या वर्गात बी. ए. झाल्या आणि पुढे कायद्याचा अभ्यास करू लागल्या.

मग आला १९४२ चा ऑगस्ट. ८ तारखेला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर छोडो भारतचा ठराव झाला. ९ तारखेला उजाडायच्या आत गांधीजी, नेहरू, पटेल, सगळे पुढारी पकडले गेले. वर्तमानपत्रांवर कडक बंधनं आली. कुठं गोळीबार झाला, कुठं संप झाला, काही छापायची सोय राहिली नाही. रेडिओ तर सरकारचाच. सरकार सांगेल तेवढीच बातमी. अंधारात कोणाला कोणाचा पत्ता नाही, अशी देशाची गत झाली.

बावीस वर्षांच्या उषाताईंनी कायद्याची पुस्तकं मिटली. त्यांच्या मनात आलं की, आपला स्वतःचा रेडिओ असला पाहिजे. बाबूभाई खाखर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी असे सोबती मिळाले. भूमिगत राहून लढणारे डॉ. राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन यांनी पाठबळ दिलं. पण यंत्र कोण बांधणार?

इथं मला हौशी रेडिओवाल्यांबद्दल सांगितलं पाहिजे. जगात असे पुष्कळ लोक आहेत की जे पैशासाठी नाही, नुसत्या आवडीनं घरी प्रक्षेपक बांधतात आणि दूरदूरच्या माणसांशी बोलतात. त्यांना हॅम म्हणतात. आपल्या देशातही त्या काळी असे थोडे हॅम होते. १९३९ साली दुसरं महायुद्ध पेटलं तसं सरकारनं त्यांना आपापली यंत्रं जमा करायला लावली. मुंबईचे नरीमन प्रिंटर हे असेच एक हॅम. त्यांनी काँग्रेस रेडिओचं यंत्र जुळवून दिलं. सभांना कर्णे पुरवणाऱ्या शिकागो रेडिओ कंपनीचे नानक मोटवानी यांचीही मदत झाली. बघा, ज्या विद्येला लोक रिकामा उद्योग म्हणत असतील, तीच वेळेला देशाच्या कामी आली.

आता थोडं गणित करू. काँग्रेस रेडिओ सुमारे ४२ मीटरच्या लहरीवर बोलायचा. म्हणजे काय? तळ्यात दगड टाकला की लाटा उठतात. एका लाटेच्या डोक्यापासून दुसऱ्या लाटेच्या डोक्यापर्यंतचं अंतर म्हणजे लाटेची लांबी. रेडिओची लहर डोळ्यांना दिसत नाही, पण तिलाही लांबी असते. ती एका सेकंदात ३ लाख किलोमीटर जाते. म्हणजे ४२ मीटरच्या लहरी सेकंदाला ७० लाखांहून जास्त निघतात. अशा लघुलहरी आकाशात उंच जातात, तिथल्या हवेच्या विद्युत्‌भारित थरावर आपटून पुन्हा जमिनीवर येतात. चेंडू भिंतीवर आपटून परत यावा तशा. त्यामुळे लहानशा यंत्राचा आवाजही शेकडो मैल जाऊ शकतो.

पण गंमत पुढेच आहे. ही लहर नीट बाहेर सोडायला एरियल लागते, आणि साध्या तारेची एरियल लहरीच्या निम्म्या लांबीची असली तर उत्तम. ४२ चे निम्मे २१ मीटर. आपला वर्ग सहा-सात मीटर लांब धरला तर तीन वर्ग ओळीनं लावावे लागतील! इथं पालमला एवढी तार बांधायला वावर आहे, लिंबाचं झाड आहे. मुंबईत दाटीवाटीच्या बिऱ्हाडात ती कुठं बांधणार? म्हणून जागा शोधताना दहा गोष्टी बघाव्या लागायच्या. मजला उंच हवा, वीज हवी, शेजारी चौकस नकोत, आणि पेटी जिन्यावरून चढवताना कोणाला वहीम येऊ नये. जागेची अडचण अशी, आणि जीवाची भीती वेगळीच.

२७ ऑगस्ट १९४२ रोजी चौपाटीजवळच्या सी व्ह्यू इमारतीतून पहिलं प्रक्षेपण झालं. हा काँग्रेसचा रेडिओ असून तो भारतातल्या कुठल्यातरी ठिकाणाहून बोलत आहे, असं उषाताईंनी सांगितलं. ठिकाण कोणतं ते अर्थातच सांगितलं नाही! सुरुवातीला हिंदोस्ताँ हमारा हे गीत लागे आणि शेवटी वंदे मातरम्. मध्ये बातम्या आणि भाषणं, हिंदीत आणि इंग्रजीत. चितगावचा बाँबहल्ला, जमशेदपूरचा संप, आपल्या विदर्भातल्या आष्टी आणि चिमूरच्या लोकांवर झालेला जुलूम, जे वर्तमानपत्रांना छापता येत नव्हतं ते हा रेडिओ सांगू लागला.

सरकार काय गप्प बसणार? त्याच लहरीवर घरघर सोडून आवाज बुडवायचा खटाटोप सुरू झाला. शिवाय पत्ता काढणाऱ्या गाड्या रस्त्यांवर फिरू लागल्या. त्या पत्ता कसा काढतात ते तुम्हाला घरीच बघता येईल. ट्रान्झिस्टरवर मध्यम लहरींवरचं एखादं केंद्र लावा आणि ट्रान्झिस्टर हळूहळू गोल फिरवा. एका दिशेला आवाज मोठा येतो, एका दिशेला बारीक होतो. तसंच फिरत्या एरियलनं लहर कोणत्या दिशेनं येते ते कळतं. दोन गाड्यांनी दोन ठिकाणांहून दिशा मोजायची, नकाशावर दोन रेघा ओढायच्या. रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथं यंत्र!

म्हणून उषाताईंचा रेडिओ एका जागी थांबला नाही. सी व्ह्यू सोडून लॅबर्नम रोडचं अजित व्हिला, तिथून वाळकेश्वरचं रतन महाल, पुढे गिरगावातली पारेख वाडी. बिऱ्हाड बदलावं तसा रेडिओ बदलत होता. पुढे त्यांनी कार्यक्रमाची तयारी एका ठिकाणी आणि प्रक्षेपण दुसऱ्या ठिकाणी असंही केलं. म्हणजे एक जागा सापडली तरी सगळंच हाती लागू नये.

१२ नोव्हेंबर १९४२ चा दिवस आला. पोलिसांनी यंत्र बांधणाऱ्या माणसालाच गाठलं आणि त्यानं ठिकाण दाखवलं. त्याला नावं ठेवणं सोपं आहे. पण त्याच्याच हातांनी ते यंत्र बांधलं होतं, हेही विसरू नये. पोलिसांच्या ताब्यात भले भले मोडतात. म्हणूनच जे मोडले नाहीत त्यांची किंमत मला जास्त वाटते.

बाबूभाईंच्या कचेरीवर छापा पडला हे उषाताईंना त्याच दिवशी कळलं होतं. त्या घरी लपून बसू शकल्या असत्या. पण आजचा कार्यक्रम चुकवायचा नाही असं त्यांनी ठरवलं. संध्याकाळी चंद्रकांत झवेरींना घेऊन त्या पारेख वाडीत गेल्या आणि प्रक्षेपण सुरू केलं. कार्यक्रम संपत आला, वंदे मातरम् लागलं, आणि बाहेर कवाडांवर धक्के बसू लागले. एकामागून एक कवाड फोडून पोलिस आत शिरले. त्यांनी गीत बंद करायला फर्मावलं. उषाताईंनी नकार दिला. माझ्या डोळ्यांपुढे ते चित्र नेहमी येतं. खोलीभर पोलिस, आणि मध्ये एक बावीस वर्षांची मुलगी, पण गीत थांबवायला तयार नाही.

पुढचे सहा महिने गुप्त पोलिसांनी त्यांना एकटं ठेवून चौकशी केली. सोबत्यांची नावं सांगितली तर परदेशात शिकायला पाठवू असं आमिषही दाखवलं. उषाताईंनी तोंड उघडलं नाही. मला यात एक नवल वाटतं. ज्यांचं सगळं काम आवाजाचं, त्यांची खरी परीक्षा गप्प राहण्यात झाली! कोर्टात उभं केल्यावर त्यांनी न्यायाधीशांना विचारलं की, प्रश्नांची उत्तरं देणं मला बंधनकारक आहे का. तसं नाही हे कळताच त्यांनी एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. न्यायाधीशाची मुलगी आणि कायद्याची विद्यार्थिनी ती!

त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि पुण्याच्या येरवडा तुरुंगात पाठवलं. बाबूभाई खाखर आणि चंद्रकांत झवेरी यांनाही शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि नानक मोटवानी निर्दोष सुटले. तुरुंगात उषाताईंची प्रकृती ढासळली. मुंबईच्या जे. जे. इस्पितळात ठेवलं तिथंही खाटेजवळ पोलिसांचा पहारा होता. १९४६ साली त्या सुटल्या.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणून आपल्याला १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत थांबावं लागलं. उषाताईंनी सत्तेचं पद मागितलं नाही. त्यांनी अर्धा राहिलेला अभ्यास हाती घेतला. गांधीजींच्या विचारांवर प्रबंध लिहून मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली. विल्सन कॉलेजात तीस वर्षे शिकवलं आणि विद्यापीठात राज्यशास्त्राच्या विभागप्रमुख होऊन १९८० साली निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. जन्मभर खादी नेसल्या, साधेपणानं राहिल्या. मुंबईच्या मणिभवनात गांधीविचारांचं काम करत राहिल्या. १९९८ साली सरकारनं त्यांना पद्मविभूषण दिलं.

९ ऑगस्ट २००० रोजी अंगात ताप असताना त्या क्रांतिदिनासाठी त्याच गवालिया टँक मैदानावर गेल्या. आता त्याला ऑगस्ट क्रांती मैदान म्हणतात. दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला, ऐंशीव्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

मित्रांनो, ४२ मीटरच्या आसपासच्या लहरी आजही ओस पडलेल्या नाहीत. भारतातले हॅम सेकंदाला ७० ते ७२ लाख लहरींच्या पट्ट्यात रोज बोलतात. उषाताईंची लहर याच पट्ट्यातली! ज्यांना जागा कमी ते तार खिडकीतून तिरकी सोडतात, टोकं वाकवून गच्चीत बसवतात, नाहीतर पिशवीत घालून डोंगरावर नेतात, दोरीला दगड बांधून झाडावर फेकतात आणि तार वर ओढतात. काम झालं की गुंडाळून घरी. २००४ साली त्सुनामी आली तेव्हा अंदमानात टेलिफोन बंद पडले होते. तिथं गेलेल्या हॅम मंडळींनी लोकांची खुशाली त्यांच्या घरच्यांना कळवली.

पालकांनो, आता हे लपूनछपून करायचं काम राहिलेलं नाही. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणं मात्र आजही गुन्हा आहे. सरकारची परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेला वयाची अट बारा वर्षांची आहे. म्हणजे आमच्या सातवीतली कितीतरी मुलं-मुली बसू शकतील. माझं तर मनात आहे. लिंबाचं झाड शाळेजवळ आहेच, तार तेवढी लागेल.

उषाताईंना मोठा वाडा नव्हता, उंच मनोरा नव्हता, कायमची खोलीसुद्धा नव्हती. पण सांगायला खरी गोष्ट होती आणि ती सांगायचं धाडस होतं. आपल्याला जागा नाही, साधन नाही असं म्हणून आपण पुष्कळ कामं सोडून देतो. त्या वेळी पारेख वाडीतली ती खोली आठवावी. अशा या धीराच्या उषाताईंना माझे शतशः प्रणाम.