विषाची मेस चालवणारा केमिस्ट

मागच्या सत्रात मी मेस कमिटीवर होतो. चिकनला वास येतो म्हणून तक्रारवही भरली होती, पण ते सिद्ध कसं करायचं यावर मीटिंग अडली. त्याच सुमारास लायब्ररीत हार्वे विली या अमेरिकन केमिस्टबद्दल वाचलं आणि वाटलं, हा माणूस आपल्या कमिटीवर हवा होता.

१८४४ साली इंडियानात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेला विली डॉक्टरकी शिकला, पण दवाखाना न थाटता १८७४ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात केमिस्ट्री शिकवू लागला. पोरांबरोबर बेसबॉल खेळतो, मोठ्या चाकाच्या सायकलवर फिरतो म्हणून विश्वस्तांनी त्याला चांगलंच झापलं होतं! १८८३ मध्ये तो सरकारी कृषी खात्याचा मुख्य केमिस्ट झाला.

त्या काळी मांस टिकावं म्हणून बोरॅक्स आणि दूध टिकावं म्हणून फॉर्मल्डिहाइड सर्रास वापरत. (२०१८ साली गोव्यात मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या संशयावरून बाहेरची मासळी काही दिवस बंद झाली होती. तेच हे रसायन.) हे पोटात गेल्यावर काय होतं, हे मोजून कोणी सांगत नव्हतं. १९०२ मध्ये विलीने सरकारकडून पाच हजार डॉलर मिळवले आणि वॉशिंग्टनला ऑफिसच्या तळघरात चक्क मेस उघडली.

बारा धडधाकट तरुण मेंबर. जेवण फुकट, तेही उत्तम. अट अशी की बाहेर एक घासही खायचा नाही, आणि जेवणात मोजून बोरॅक्स! आधी तो लोण्यात घातला. पोरांना कळलं, त्यांनी लोणी सोडलं. दुधात घातला, तर दूध सोडलं. शेवटी सरळ कॅप्सूलच दिल्या. रोज वजन, ताप, नाडी, शिवाय मलमूत्रसुद्धा तपासायचं. भूक मेली, डोकी दुखली, पोटं बिघडली. पुढे सॅलिसिलिक ॲसिड, सल्फाइट, फॉर्मल्डिहाइड अशी पाळी लागली. काहींना तर मध्येच थांबावं लागलं. पेपरवाल्यांनी नाव ठेवलं, विष-पथक.

खरं सांगायचं तर प्रयोग म्हणून यात खोट आहे. बाराच माणसं, आणि तुलनेला शेजारी साधं जेवणारा गट नाही. पोरांकडून कोर्टात न जाण्याचं लिहून घेतलेलं. आज कुठलीही एथिक्स कमिटी हे होऊ देणार नाही. मलाही ते पटत नाही. पण लोकांच्या ताटातलं विष या मेसमुळेच देशभर बोलण्याचा विषय झालं. त्यात १९०६ मध्ये अप्टन सिंक्लेअरची शिकागोच्या कत्तलखान्यांवरची कादंबरी आली आणि ३० जून १९०६ ला शुद्ध अन्नाचा आणि मांस तपासणीचा, असे दोन्ही कायदे एकाच दिवशी झाले.

पुढे सॅकरिनवरून थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टशी बिनसलं, वरिष्ठांशी खटके उडाले, आणि १९१२ मध्ये विलीने नोकरी सोडली. मग एका मासिकाच्या प्रयोगशाळेतून तो खाद्यपदार्थ तपासत राहिला. वारला तो १९३० मध्ये, तारीख तीच, ३० जून.

आम्ही लॅबमधून थर्मामीटर आणला आणि मेसच्या फ्रीजचं तापमान आठवडाभर वहीत लिहिलं. मांसाला पाचच्या आत हवं, निघालं अकरा. थर्मामीटरच बिघडलाय, असं कॉन्ट्रॅक्टरचं म्हणणं आहे. आता दुसरा आणतोय.