तंबूच्या मेखा

सन १७९२ च्या मे महिन्यात इंग्लंडातील नॉटिंगहॅम शहरी बॅप्टिस्ट पाळकांची सभा भरली होती. तीत विल्यम केरी या तरुण पाळकांनी यशयाच्या ५४ व्या अध्यायातील दुसऱ्या व तिसऱ्या वचनांवर उपदेश केला. संदेष्टा तेथे देवाच्या प्रजेस आपल्या तंबूची जागा वाढवावयास, दोऱ्या लांबवावयास व मेखा घट्ट करावयास सांगतो. बाजारात पाल ठोकणारास यातील मर्म समजावून सांगावयास नको. दोरी लांबवली आणि मेख तशीच ठेवली, तर पहिल्याच वावटळीस पाल उडून जाते.

केरी यांचा जन्म १७६१ साली एका विणकराच्या घरी झाला. जोडे शिवण्याचा धंदा करीत असतानाच त्यांनी स्वकष्टाने अनेक भाषा शिकून घेतल्या होत्या. त्यांचा तो उपदेश पुष्कळांच्या मनास लागला. तथापि सभा नित्याप्रमाणे काही न ठरविताच उठू लागली. आपल्या मंडळ्यांतही असे पुष्कळदा घडते! तेव्हा केरींनी अँड्रू फुलर यांचा हात धरून, या खेपेसही काहीच करावयाचे नाही काय, असे विचारल्याचे सांगतात. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या २ तारखेस केटरिंग येथे एका विधवाबाईंच्या घरी मिशनरी सोसायटी स्थापन झाली. वर्गणीचा आकडा पडला १३ पौंड, २ शिलिंग व ६ पेन्स. पुढे हिंदुस्थानात कोणास पाठवावे हा प्रश्न निघाला, तेव्हा उपदेश करणारेच जावयास सिद्ध झाले.

त्यांच्या पत्नी डोरोथीबाई मात्र सिद्ध नव्हत्या. त्या गरोदर होत्या, आणि समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. केरी थोरल्या मुलास घेऊन निघालेही. परंतु कंपनी सरकारचा परवाना नसल्यामुळे त्यांस जहाजावरून उतरावे लागले. एवढ्या अवकाशात बाळंतपण झाले होते. आपली बहीण बरोबर येत असेल तर येते, असे बाईंनी कबूल केले, आणि जून १७९३ मध्ये सर्व कुटुंब एका डेन्मार्की जहाजाने निघाले. बंगाल्यात १७९४ साली त्यांचा पाच वर्षांचा पीटर हगवणीने वारला. त्यानंतर बाईंच्या बुद्धीस भ्रंश झाला, तो १८०७ साली त्यांचा अंत होईपर्यंत गेला नाही. पतीच्या आज्ञापालनाचा मोठा भार या माउलीवर पडला. केरींचे चरित्र सांगताना पुष्कळ जण ही गोष्ट झाकून ठेवतात. ती झाकू नये असे आम्हांस वाटते.

सात वर्षे एकाही बंगाली मनुष्याचा बाप्तिस्मा झाला नाही. अखेर १८०० सालच्या डिसेंबरात कृष्ण पाल या सुताराने श्रीरामपूर येथे हुगळी नदीत बाप्तिस्मा घेतला. श्रीरामपुरास केरी, मार्शमन व वॉर्ड यांची एकच सामायिक थैली असे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरींस मोठा पगार मिळू लागला, तरी तोही बहुतेक त्या थैलीतच जाई. पुढारी म्हणून त्यांनी वेगळे घर मांडले नाही.

त्या कॉलेजात ते मराठीही शिकवीत. त्यांनी महाराष्ट्र कधी पाहिला नाही. तरी पंडित वैजनाथ यांच्या साह्याने त्यांनी १८०५ साली मराठी व्याकरण व मत्तयाचे शुभवर्तमान छापले, आणि १८११ साली मराठी नवा करार निघाला. त्यातील भाषा पुढे कमी पडली आणि अमेरिकन मिशनने मुंबईत नवे भाषांतर केले. पण पहिला नांगर केरींचा होता.

सन १८१२ च्या मार्चच्या ११ तारखेस रात्री छापखान्यास आग लागली. केरी त्या वेळी कलकत्त्यास होते. कागद, टाइप, अनेक भाषांतरांची हस्तलिखिते आणि वर्षानुवर्षे खपून रचलेला बहुभाषी कोश जळून गेला. टाइप पाडण्याचे ठसे तेवढे वाचले. वितळलेल्या धातूतूनच पुन्हा टाइप ओतण्यात आले, आणि केरी गेलेली पाने पहिल्यापासून लिहावयास बसले.

ते ९ जून १८३४ रोजी श्रीरामपुरास प्रभूमध्ये निजले. इंग्लंड सोडल्यास ४१ वर्षे होत आली होती. एवढ्या काळात ते एकदाही मायदेशी परतले नव्हते.